दोन तळ्यांमधली अक्का

फिनलंडला लोक आकाशातले हिरवे दिवे बघायला जातात, काचेच्या घरात झोपायला जातात, कुत्र्यांच्या गाडीत बसायला जातात. मी माझ्या बहिणीला परत आणायला गेले होते. त्यामुळे या हकिकतीत दिवे नाहीत, कुत्रे नाहीत, आणि मी गेले ती जुलै सरता सरता, म्हणून बर्फही नाही. पाणी मात्र आहे, जाल तिकडे पाणी.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. आमचे वडील बेंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. तिथे यंत्रं बसवायला मत्ती नावाचा एक फिनिश माणूस आला, दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागला आणि परत जाताना अक्काला घेऊन गेला. आईला ते नाव काही रुचेना. तिने त्याचं मूर्ती करून टाकलं. बसवनगुडीत मूर्ती नावाचे जावई गल्लोगल्ली सापडतात, तेव्हा चारचौघांत सांगायचीही सोय झाली. हे आमचे मूर्ती दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांना मूलबाळ नाही. माझेही यजमान गेल्याला आता काही वर्षं झाली. मुलगा-सून मारतहळ्ळीला राहतात, आणि मारतहळ्ळीहून बसवनगुडीला येणं फिनलंडहून येण्याइतकंच अवघड आहे, फक्त मध्ये विमान नसतं. म्हणजे ती तिकडे एकटी, मी इकडे एकटी, आणि रोज संध्याकाळी फोनवर दोघी एकमेकींना आज काय स्वयंपाक केला ते सांगत बसणार.

यात काही अर्थ नाही असं मी ठरवलं. वरच्या मजल्यावरची खोली रंगवून घेतली, खिडकीला नवी जाळी बसवली, आणि फोनवर हे असलं विचारणं बरं दिसत नाही म्हणून स्वतः निघाले. सून म्हणाली, "आई, त्या येतील असं तुम्ही धरूनच चाललाय." मी म्हटलं, न येऊन करेल काय? चाळीसएक वर्षं मी तिची वाट बघितली होती. ती गेली तेव्हा मी परकरातली पोर होते आणि ती सुट्टीला येईल त्या दिवसापर्यंत केसांची नवी रिबन वापरायची नाही, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

पुंकाहर्यू

हेलसिंकीहून आगगाडीने पारिक्कालापर्यंत जायचं आणि तिथे एका छोट्या गाडीत बसायचं. ही गाडी थोड्याच वेळात अशा ठिकाणी शिरते की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणी दिसायला लागतं. आधी मला वाटलं, पूल असेल. पूल नव्हता, जमीनच तेवढी अरुंद होती.

स्टेशन म्हणजे एक फलाट आणि एक पाटी. फलाटावर अक्का उभी होती. पांढरे केस कानापर्यंत कापलेले, अंगात निळं जाकीट, पायात गमबूट. मी मिठी मारायला धावले. तिने माझी बॅग हातात घेतली आणि पहिला प्रश्न विचारला, "ऊट झालं का?"

जेवण झालं का, असं मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी आमच्या त्या जुन्या कानडी-मराठीत विचारलं नव्हतं. माझ्या मराठीला पुण्याच्या सुनेने आणि महाराष्ट्र मंडळातल्या नव्या आयटीवाल्यांनी इस्त्री करून टाकली आहे. अक्काची मराठी मात्र तिने नेली तशीच होती, आईच्या स्वयंपाकघरातली. "स्वल्प थांब", म्हणजे जरा थांब; "साकु झालं", म्हणजे पुरे झालं; "सरी, चल", म्हणजे बरं, चल. मला ती अजून पुट्टी म्हणते. पुट्टी म्हणजे छोटी. या पुट्टीचे दोन्ही गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी ती मला तो वरंबा दाखवायला घेऊन गेली. वरंबा हा माझा शब्द. शेतात सरी-वरंबा असतो ना, तसाच हा, फक्त मैलोगणती लांब, आणि दोन्ही बाजूंच्या सऱ्यांमध्ये तळी. एका बाजूला पुरुवेसी, दुसऱ्या बाजूला पिहलायावेसी. अक्काने सांगितलं की इथे सगळीकडे बर्फच होता तेव्हा बर्फाच्या पोटातून नद्या वाहायच्या. त्यांनी आणलेली वाळू आणि गोटे तळाशी साचत गेले. बर्फ वितळून गेला आणि साचलेलं तेवढं उरलं. त्यालाच ते लोक हर्यू म्हणतात. वर उंच, लालसर खोडांचे पाईन उभे आहेत, मधून जुना रस्ता जातो, आणि काही ठिकाणी धार इतकी निमुळती होते की रस्त्याच्या मध्यावर उभं राहून दोन्ही हात पसरले तर दोन तळ्यांना हात लागतील असं वाटतं. पुरुवेसीचं पाणी इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत.

या देशावर रशियाच्या झाराचं राज्य होतं तेव्हा एक झार इथून गेला म्हणे, आणि त्याला हा देखावा इतका आवडला की त्याने इथली झाडं तोडायची नाहीत असा हुकूम सोडला. आमच्या रस्त्यावरची गुलमोहराची रांग मेट्रोपायी गेली तेव्हा असा एखादा झार आम्हाला मिळाला असता तर बरं झालं असतं. झाराच्या काळातलं एक लाकडी हॉटेल अजून उभं आहे, नक्षीदार सज्जे असलेलं. तिथे आम्ही कॉफी घेतली. हे लोक दिवसभर कॉफी पितात, पण ती आमच्या फिल्टर कॉफीपुढे अगदीच पाणचट. तिच्याबरोबर मिळणारा गोड पाव मात्र तोंडात घातला आणि मी थबकले. वेलची होती त्यात. पुल्ला म्हणतात त्याला. बसवनगुडीहून इतक्या लांब येऊन तोंडात वेलदोडा आला तर डोळ्यांत पाणी येणारच, त्यात माझा काय दोष?

परतताना धारेवरच्या एका बाकावर बसलो. समोर पाणी, त्यात बेटं, बेटांवर तीच लाल खोडं. मला दम धरवला नाही. चार दिवस जाऊ द्यावेत, मग हळूच विषय काढावा, असं घरून ठरवून आले होते, पण वेलदोड्याने घोटाळा केला. मी म्हटलं, "अक्का, तू चल ना माझ्याबरोबर. कायमची. वरची खोली तुझ्यासाठी तयार करून आलेय."

अक्काने एकदम श्वास आत ओढला. "ह्यो" असा काहीसा आवाज झाला, घशात काही अडकावं तसा. आणि ती पाण्याकडे बघत राहिली.

आमच्याकडे माणूस असा श्वास ओढतो तो दूध उतू जाताना, नाहीतर कुणी गेल्याचा फोन येतो तेव्हा.  नवऱ्याच्या मातीवरून हिला उठवायला मी निघाले होते, आणि तेही आल्या आल्या. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं की वारा सुटलाय, घरी जाऊ. ती म्हणाली, "सरी." त्यानंतर मी तो विषय काढला नाही, आणि तिनेही काढला नाही.

घरी आल्यावर मी न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून रडले. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि तिने केलेली खीर खाल्ली.

साव्होनलिना

तिच्या गाडीतून आम्ही साव्होनलिनाला गेलो. गाडी ती चालवते, आणि मी शेजारी बसून पायाने ब्रेक दाबते. साव्होनलिना हे तळ्यांत पसरलेलं गाव, आणि गावाच्या कडेला खडकाच्या बेटावर एक किल्ला आहे, तीन बुरुजांचा, थेट पाण्यातून उगवल्यासारखा. आपल्या किल्ल्यांवर चढावं लागतं. इथे लाकडी पुलावरून चालत गेलं की झालं. माझ्या गुडघ्यांनी त्या बांधणाऱ्याला दुवा दिला.

किल्ल्याची एक गोष्ट सांगतात. किल्ल्यातल्या एका मुलीने शत्रूला दार उघडून दिलं असा आळ आला आणि तिला जिवंत भिंतीत चिणलं. पुढे त्या भिंतीतून एक झाड उगवलं, पांढऱ्या फुलांचं आणि लाल फळांचं. फुलं तिच्या निर्दोषपणाची, फळं तिच्या रक्ताची. मी अक्काला म्हटलं की बाई चिणल्याशिवाय भिंत उभी राहत नाही हे इथेही खरंच का? आपल्याकडे तर बुरूज टिकेना की गावाला आधी कुणाची तरी सून आठवते. ती हसली, पण लक्ष नव्हतं तिचं. भिंतीवर तळवा टेकून ती बराच वेळ उभी होती. मला वाटलं, दगडाचा गारवा घेतेय.

बंदरावरच्या बाजारात मला माझ्या ओळखीचा पदार्थ भेटला. चांगली करंजी, पण हातभर मोठी आणि चपटी. लर्त्सी म्हणतात. आत सफरचंदाचा मुरंबा, नाहीतर खिमा. मी बोटाने दाखवून सफरचंदाची मागितली, पहिला घास घेतला आणि खिम्याची निघाली. तोंडातलं गिळू की थुंकू, या विचारात मी डोळे मोठे करून उभी होते तेव्हा अक्काने काही न बोलता हातातला कागद पुढे केला. लहानपणी कडू औषध थुंकायला ती अशीच वाटी पुढे करायची, आईला न सांगता.

त्या विक्रेत्या बाईशी अक्का फिनिशमध्ये थोडं बोलली. बाईने काउंटरवरून हात पुढे करून अक्काचा हात धरला. इतक्या अबोल देशात करंजीवाली हात धरते हे मला नवलाचं वाटलं, पण विचारलं नाही.

मी न विचारण्याचं व्रतच घेतलं होतं. मला सारखं जाणवत होतं की अक्काला काहीतरी सलतंय. मी चहा ठेवू का म्हटलं की ती तो श्वास आत ओढायची. पाऊस येईल का म्हटलं की तेच. शेवटी मी तिला विचारलं की तुला दम लागतो का, डॉक्टरांना दाखवलंस का? ती म्हणाली, "काय दम? मी रोज पोहते." फोनवर हाच आवाज ऐकून मला कायम वाटायचं की लाईन तुटतेय.

केरिमॅकी

केरिमॅकी नावाच्या लहानशा गावात एक लाकडी देऊळ आहे. देऊळ म्हणजे चर्च, पण अक्का देऊळच म्हणते. ते इतकं अवाढव्य आहे की अख्खं गाव आत बसवलं तरी मागे पंगत मांडता येईल. असं सांगतात की नकाशा आला होता फुटांत आणि सुतारांनी वाचला मीटरमध्ये. अक्का म्हणाली की हे खरं नाही, लोकांनी रचलंय, मोठंच बांधायचं ठरलेलं होतं. मला मात्र रचलेलीच गोष्ट आवडली. एक माप चुकीचं वाचलं आणि पिढ्यान्‌पिढ्या गावाने ती चूक गुमान पुसली, झाडली, रंगवली, हे मला अगदी आपल्या घरातल्यासारखं वाटलं. एवढं मोठं घर हिवाळ्यात तापवता येत नाही, म्हणून थंडीसाठी शेजारी एक छोटं देऊळ वेगळं आहे.

आत पिवळट रंग, वर गॅलऱ्या, आणि लाकडाचा वास. आम्ही दोघीच होतो. अक्का एका बाकावर बसली ती बसलीच. मी प्रदक्षिणा घातल्यासारखी दोन वेळा फिरून आले, तरी ती तिथेच.

मत्तीची कबर जवळच आहे. तिथली स्मशानं म्हणजे बागाच. प्रत्येक दगडापुढे फुलांची रोपं, पाणी घालायच्या झाऱ्या एका रांगेत टांगलेल्या. अक्काने सुकलेली फुलं खुडली, माती हाताने सारखी केली. मी घरून आणलेली उदबत्ती लावली आणि मत्तीला मनात म्हटलं, मूर्ती, हिला नेऊ देत नाही तुम्ही, काय हो? तेवढ्यात तिथली देखभाल करणारी एक बाई आली. अक्का तिच्याशी कबरीकडे हात करून बोलत होती, पाणी कुठवर घालायचं ते दाखवत होती. मला वाटलं, तक्रार करतेय.

घरी आल्यावर तिने माळ्यावरून मत्तीचं मासे धरायचं जाळं काढलं आणि शेजारच्या हेल्वीला देऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी बर्फावर घसरायच्या पट्ट्या गेल्या. मी म्हटलं की बरं करतेस, उगाच अडगळ. मनात मात्र म्हटलं, घर आवरून ही इथेच म्हातारपणाची तयारी करतेय.

हेल्वीचं रान

हेल्वी अक्काच्या वयाची, पूर्वी शाळेत इंग्रजी शिकवायची. शनिवारी तिच्या सौनाचं आमंत्रण होतं. सौना म्हणजे तापवलेली लाकडी खोली, आत चुलीवर तापलेले गोटे, त्यांवर पाणी टाकून वाफ काढायची, आणि आत कपडे घालायचे नाहीत. मी परकर छातीशी बांधून गेले, आमच्या आज्या न्हायला बसायच्या तशी. त्या दोघींनी तिकडे दुर्लक्ष केलं. पाणी टाकायचा मान पाहुण्याचा, असं हेल्वीने सांगितलं. मी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीच्या सवयीने भराभर तांबे ओतले. गोट्यांनी असा फूत्कार टाकला की हेल्वी, अक्का आणि मी एकापाठोपाठ एक धावत थेट तळ्यात. पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहून अक्का खदखदा हसली. तिला अशी हसताना बघून मला इतकं भरून आलं की गारठा कळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेल्वी मला रानात फळं वेचायला घेऊन गेली. अक्का घरी होती. रान कुणाचंही असो, तिथली फळं कुणीही वेचावीत असा त्या देशाचा रिवाज आहे. आपल्याकडे कंपाउंडबाहेर आलेल्या आंब्यावरून दोन घरांत बोलणं बंद होतं, म्हणून मी दोनदा विचारून घेतलं. गुडघाभर झुडपं, त्यांत काळी-निळी बारीक फळं. मुस्तिक्का. अक्का त्यांना चिक्क नेरळे म्हणते, छोटी जांभळं, आणि खाल्ल्यावर जीभही तशीच जांभळी होते.

वेचता वेचता हेल्वी म्हणाली की तू हिला नेल्यावर माझ्याबरोबर कॉफी प्यायला कोण राहणार?

मी म्हटलं, "ती नाही येत. मी विचारलं होतं."

हेल्वी सरळ उभी राहिली. "तू विचारलंस, आणि ती हो म्हणाली. तिनेच सांगितलं मला. तू आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, हर्यूवरच्या बाकावर."

मी तिला समजावलं की नाही, ती एक शब्द बोलली नाही, नुसती दचकली, तिला लागलं ते, म्हणून मी गप्प बसले. हेल्वीने बादली खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, आणि तोच श्वास आत ओढला. "ह्यो."

"हा आमचा हो आहे," ती म्हणाली. "आम्ही इकडच्या बायका श्वास आत घेऊन हो म्हणतो. तिलाही ती सवय लागली. तिला आता कळतही नसेल."

मग मला एकेक उलगडत गेलं. चहा ठेवू का, हो. पाऊस येईल का, हो. माझ्याबरोबर चल ना, हो. सगळी मराठी अक्काने जशीच्या तशी जपली, तेवढा हो मात्र तिकडचा होऊन बसला होता. आणि तिकडे एकदा हो म्हटलं की विषय संपतो, पुन्हा पुन्हा कुणी घोळवत नाही. आपल्याकडे विषय हो म्हटल्यावर सुरू होतो. ती मानून बसली होती की ठरलं, मी मानून बसले होते की मोडलं, आणि दोघी एकमेकींचं मन जपत गप्प होतो.

मला नाचावंसं वाटलं. मी नाचलेही थोडी, त्यात माझी बादली कलंडली आणि अर्धी फळं शेवाळात गेली. हेल्वी मुकाट्याने वाकून ती गोळा करू लागली. तिचे डोळे ओले होते. ते मी बघितलं, आणि बघितलं नाही असं केलं.

लाकडी धक्का

घराकडे यायची वाट रानातून उतरते. त्या वाटेवर माझी चाल हळूहळू मंदावत गेली. किल्ल्याच्या भिंतीवर टेकलेला तळवा आठवला. करंजीवालीने धरलेला हात आठवला. देवळातलं ते बसून राहणं, कबरीशी त्या बाईला पाणी कुठवर घालायचं ते दाखवणं, माळ्यावरून उतरलेलं जाळं. मी सहलीला आले होते आणि ती मला एकेक ठिकाण दाखवत होती असं मला वाटत होतं. ती मला दाखवत नव्हती. ती निरोप घेत होती.

अक्का घरामागच्या लाकडी धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसली होती. मी शेजारी बसले आणि तिला सगळा घोटाळा सांगितला. ती आधी समजलीच नाही. मग स्वतःच तो श्वास ओढून बघितला, कान देऊन ऐकला, आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "अय्यो, मी असं करते?" आम्ही खूप हसलो. हसून झाल्यावर ती पाण्याकडे बघत म्हणाली:

"बरं झालं पण, पुट्टी. एका दमात हो म्हणून गेले. तू दुसऱ्यांदा विचारलं असतंस तर माझ्याच्यानं झालं नसतं."

 काही न बोलता नुसतं बसून राहायचं होतं मला, बस्स. अक्का माझी होती. संध्याकाळी बागेत फिरायला, मंडईत भाजी निवडायला, ताप आला तर कपाळावर हात ठेवायला. लहानपणी तिच्यावाचून काढलेली वर्षं मला म्हातारपणी व्याजासकट परत मिळणार होती. मला ती हवी होती, इतकी हवी होती की जिभेवर आलेलं मी दोनदा गिळलं. तिने पाय हलवले तसे पाण्यावर गोल उठत गेले, आणि ती ते गोल काठाला लागेपर्यंत बघत राहिली. एकेक. कुणी आपल्या घरातल्या पोराचं झोपलेलं तोंड बघावं तसं.

मी म्हटलं, "अक्का, येतेस का माझ्याबरोबर बेंगळूरला?"

तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. मी काय करतेय ते तिला कळलं होतं.

"नाही गं," ती म्हणाली.

आणि रडायला लागली. मत्ती गेल्यावर ती रडली नव्हती असं हेल्वी मला नंतर म्हणाली. तिथे कुणी मोठ्याने रडत नाही. आम्ही दोघी रडलो त्या चांगल्या आपल्या बायकांसारख्या, गळा काढून, एकमेकींच्या मानेत तोंड खुपसून. तळ्यात एक माणूस होडीतून मासे धरत होता. त्याने एकदा आमच्याकडे बघितलं, गळ गुंडाळला आणि सभ्यपणे होडी बेटामागे नेली.

मला फार वाईट वाटलं. शहाणपणाचं केलं वगैरे समाधान अजिबात झालं नाही, अजून होत नाही. परतीच्या गाडीत धारेवरून जाताना मी दोन्हीकडच्या खिडक्यांतून बघून घेतलं. एवढं पाणी असलेल्या देशावर मी मनातून चिडले होते, आणि ते पाणी डोळ्यांआड होईपर्यंत माझी नजर हटत नव्हती.

आता तिकडे कडाक्याची थंडी आहे. काल अक्का फोनवर म्हणाली की तळं गोठलं, हर्यूच्या दोन्ही बाजूंनी पांढरंशुभ्र झालंय, लोक वरून चालत जातात. मी विचारलं, तू पण जातेस? पाय घसरत नाही? ती म्हणाली की रोज जाते, चांगली लांब जाते. मी म्हटलं, कुठपर्यंत जाता येतं गं?

 ती म्हणाली, "तुझ्यापर्यंत नाही, पुट्टी."